कपाळाला बांधलेलं फडकं

[दृश्य: कपाशीचं शेत, अमळनेर तालुका, सकाळ]

वेचणीला आलेल्या सगळ्याच बायकांच्या डोक्याला फडकं आहे. उन्हासाठी, धुळीसाठी. पण दुसऱ्या पातीवरच्या बाईकडे बघा. तिचं फडकं डोक्यावर नाही, कपाळावर आहे. गाठ डाव्या कानशिलावर आणि इतकी आवळलेली, की संध्याकाळी सोडल्यावर कातडीवर वळ दिसतो. ऊन नसलं तरी ती ते बांधते, कारण तिला अर्धशिशी आहे, डोकं ठणकतं.

चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, या अटीवर तिने आम्हाला पाच महिने घरात येऊ दिलं. म्हणून तुम्हाला तिचे हातच जास्त दिसतील.

[दृश्य: हात, बोंड, ओटी]

वाळलेल्या बोंडाच्या पाकळीला टोक असतं. ते बोटात घुसू न देता कापूस उपसायचा आणि कमरेच्या ओटीत टाकायचा. मजुरी किलोवर, त्यामुळे थांबायला फुरसत नाही. सकाळी कोऱ्या चहावर निघायचं, भाकरी थेट दुपारी. पाणी लागलं तर बांधापर्यंत चालत जायचं, म्हणून पाणीही कमीच. उपाशी पोट, तहान, डोळ्यावर येणारं ऊन, तासन्‌तास वाकलेली मान. अर्धशिशी उठवायला यातली एखादी गोष्टही पुरते.

[दृश्य: किराणा दुकान, कात्रीचा क्लोजअप]

"भाऊ, डोकं दुखी ऱ्हायनं, दोन गोळ्या दे."

दुकानदार गोळ्यांचा पत्ता काढतो आणि कात्रीने दोन गोळ्यांपुरता कापून देतो. नाव आणि तारीख छापलेला तुकडा पत्त्यावरच राहतो. आपण काय गिळतो हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग संपला. डोकेदुखीच्या अशा बऱ्याच गोळ्यांमध्ये वेदनाशामकाच्या जोडीला कॅफिन असतं. गोळीने बरं वाटतं, हे खरंच आहे. पण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि अशा मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. औषध उतरलं की ठणका, ठणक्याला पुन्हा गोळी. ती सात वर्षं रोज एक, कधी दोन घेत होती. कुणी मोजल्या नव्हत्या, तिनेही नाही.

[दृश्य: पत्र्याची पेटी, त्यातली पिशवी, कागद एकेक करून बाहेर]

ही पिशवी तिने स्वतः उघडून दाखवली. चष्म्याच्या तीन चिठ्ठ्या, दर वेळी नवा नंबर. सायनसचा एक्स-रे. बामाच्या रिकाम्या डब्या, त्या का ठेवल्या तिलाही सांगता येईना. सूर्य उगवायच्या आत दुधात जिलबी खाऊन झाली, सुंठ उगाळून झाली, मीठ-मोहरी ओवाळून झाली, गावाबाहेरच्या भगताचा दोराही दंडाला बांधून झाला. शेवटी कानातले मोडून शहरात डोक्याचा सीटी स्कॅन. हा बघा रिपोर्ट. नॉर्मल.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "काही नाहीये. टेन्शन घेऊ नका." घरच्यांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं. त्या दिवसापासून तिचं दुखणं म्हणजे नाटक झालं.

स्कॅन नॉर्मल आला म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढाच त्याचा अर्थ. अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसतच नाही. स्टेशन नीट न लागलेला रेडिओ फोटोत धडधाकट दिसावा, तसं आहे हे.

[दृश्य: हाताने काढलेलं चलचित्र, चेहऱ्याची नस]

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते त्याच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. ट्रायजेमिनल नावाची नस ही खबर आत पोचवते. अर्धशिशीच्या झटक्यात ती सीजीआरपी नावाचं द्रव्य सोडते आणि ठणका चढतो. हे उलगडणाऱ्या चार संशोधकांना २०२१ साली डेन्मार्कचं ब्रेन प्राइज मिळालं. ज्या दुखण्याला घरात नाटक म्हणतात, त्याच्यावर जगात इतकं काम झालेलं आहे.

पण वेदना आत पोचल्यावर किती जाणवावी, हे मेंदूतल्या दुसऱ्या यंत्रणा ठरवतात. सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही द्रव्यं त्यातली. झोप आणि मनाचा तोलही बऱ्याच अंशी त्यांच्यावरच. म्हणून झोप उडाली, मन खचलं, की तोच ठणका दुप्पट लागतो. आणि महिन्यातले वीस दिवस डोकं दुखणाऱ्या माणसाचं मन खचणार नाही तर काय होईल? अर्धशिशी असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांच्या निदान दुप्पट आढळतं. नैराश्य असलेल्यांना अर्धशिशी होण्याची शक्यताही जास्त असते. रस्ता दोन्हीकडून चालू आहे. त्यात अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांमध्ये सुमारे तिप्पट.

आपल्या भाषेला हे कधीचं ठाऊक आहे. डोक्याला ताप, डोक्यावर कर्ज, डोक्यात विचार. मनातलं सगळं आपण डोक्यावरच ठेवतो. बाई जेव्हा "डोकं दुखतंय" म्हणते, तेव्हा तिला चारचौघांत बोलता येण्यासारखं तेवढंच असतं. मन दुखतंय म्हणायला गावात जागा नाही.

तिच्या डोक्यावर काय होतं, ते तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही. म्हणून आम्हीही सांगत नाही.

[दृश्य: ओटा, आशाताई, मांडीवर फॉर्म]

या गावातल्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या. नात्याने तिला वहिनी म्हणतात. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासणारी सरकारी प्रश्नावली, त्यांना भरायचा असतो. तंबाखू, बीपी, कमरेचा घेर असं सगळं विचारून झालं, की शेवटी दोन प्रश्न उरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? घाईत इथे बऱ्याचदा 'नाही' लिहून पान उलटलं जातं. आशाताईंनी उलटलं नाही. छापील मराठी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "वहिनी, रातले झोप लागस का? कशामा मन लागस का?"

पुढची चार मिनिटं आम्ही कापलेली नाहीत.

[दृश्य: चार मिनिटं, निवेदन नाही]

[दृश्य: भिंत, कॅलेंडर, टिकल्यांचं पाकीट]

तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी गोळी दिली नाही, काम दिलं. महिनाभर डोकेदुखीची नोंद ठेवा. तिला लिहिणं जमत नाही. कॅलेंडर मात्र घरात होतं, दुधाच्या हिशेबाचं. आशाताईंनी युक्ती काढली. डोकं दुखलं की त्या तारखेला काळी टिकली. गोळी घेतली की तिच्या शेजारी लाल. पाळी आली त्या तारखेला कुंकवाचं बोट.

हा नोव्हेंबर. पान नीट बघा. काळ्या टिकल्या सव्वीस, लाल सव्वीस. ज्या चार दिवशी काळी नाही, त्यात दोन दिवस ती माहेरी होती. हे तिचं तिनेच बोट ठेवून दाखवलं.

डॉक्टरांनी दुकानातली गोळी बंद करायला सांगितली आणि रात्रीसाठी अमिट्रिप्टिलिन दिली, अगदी लहान मात्रेत. हे औषध मुळात नैराश्याचं. कमी मात्रेत ते डोकेदुखीचे झटके रोखायला वापरतात. ही गोष्ट घरात कळली आणि "वेड्याची गोळी" म्हणून दोन दिवस पत्ता सासूच्या ताब्यात होता. डॉक्टरांनी सासूबाईंनाच बोलावून घेतलं. या गोळीचं व्यसन लागत नाही, गुण यायला काही आठवडे लागतात, मनाने सुरू किंवा बंद करायची नाही, आणि काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायचं, हे सगळं त्यांना समजावलं. आता रात्री गोळी सासूच काढून देते. हे हात सासूचे आहेत.

दुकानातली गोळी सोडल्यावर पहिला आठवडा वाईट जातो. तिचाही गेला. डोकं जास्त दुखलं, उलट्या झाल्या, दोन दिवस वेचणी बुडाली. सोबत आशाताई रोज ओट्यावर येऊन बसत. औषधाइतकंच ते बसणं उपयोगी पडलं, असं मला वाटतं.

मार्चच्या पानावर काळ्या टिकल्या नऊ, लाल चार.

[पडद्यावर अक्षरं, निवेदन वेगाने]

अचानक वीज पडल्यासारखं डोकं दुखलं, तापासोबत मान ताठली, हातपाय लुळे पडले, दिसेनासं झालं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं किंवा गरोदरपणात दुखणं वाढलं, तर टिकल्या मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

[दृश्य: घर, दुपार. लाइट लावलेले]

शेवटच्या दिवशी तिच्याशी पुन्हा बोलायचं ठरलं होतं. लाइट लावले, आवाज तपासला. तिने डोळे मिटले आणि फडकं कपाळाकडे नेलं. डावं कानशील. उजेडाने चढतं हे आम्हाला पाच महिन्यांत पाठ झालं होतं, तरी लाइट आम्हीच लावले होते.

बंद केले. खिडकीला घोंगडी लावली. आशाताईंनी कॅलेंडर काढून तिच्या हाताशी ठेवलं.

[पडदा काळा. पंख्याचा आवाज]