बेडूकमाशाची शेपटी आणि आमवात

आमवातावर, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर, बोलायला उभा राहिलो की मी आधी बेडकाकडे जातो. आजही जाणार. पावसाळ्यात डबक्यातले बेडूकमासे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यांचा बेडूक होतो तेव्हा शेपटी जाते कुठे? गळून पडते म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बरेच आहेत! नाही हो, ती जागच्या जागी विरघळते.

या शेपटीत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं, तेच जे आपल्या हाडांत आणि कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, आहे. तीन धागे सुंभासारखे एकमेकांत पिळलेले, पचायला महाकठीण. ते विरघळवतं कोण, हा प्रश्न अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना पडला. ऊती वाटून तिच्या अर्कात शोधण्याऐवजी त्यांनी शेपटीचे जिवंत तुकडे कोलॅजेनच्या पातळ थरावर ठेवले. तुकड्याभोवतीचा थर विरघळून गेला! १९६२ साली कोलॅजेनेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, असं हाती लागलं. मला हा प्रयोग फार आवडतो. महागडं यंत्र नाही, नुसता नेमका प्रश्न. पुढे १९६७ मध्ये तसंच एन्झाइम आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या अस्तरातून मिळालं. शेपटी विरघळवून झाली की बेडकाचं शरीर हे एन्झाइम थांबवतं. आमवातात ते थांबत नाही.

आता माझी तक्रार. सूज आली की आपल्याकडे सेराशिओपेप्टिडेज घेतात. रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळवलेलं हे एन्झाइम. जपानमध्ये ताकेदा कंपनीने २०११ साली ते स्वतःहून बाजारातून काढून घेतलं, कारण नव्या चाचण्यांत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. इथे ते डायक्लोफेनॅक या वेदनाशामकासोबत एकाच गोळीत मिळतं. आराम पडतो तो डायक्लोफेनॅकमुळे, आणि श्रेय जातं एन्झाइमला. माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. सकाळी तासभर बोटं मिटत नसत, खडू धरवत नसे. वर्षभर ह्याच गोळ्या. तोवर हाडं झिजायला लागली होती. ती झीज परत भरून येत नाही, याचा मला आजही राग येतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. तर मूळ विषय, म्हणजे आमवात होतो कसा आणि आपण तो अडवतो कसा, भराभर सांगतो. पॅड नावाची एन्झाइमं प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन या दुसऱ्या घटकात रूपांतर करतात. काहींचं शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजतं. अँटी-सीसीपी ही रक्तचाचणी त्या प्रथिनांविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) शोधते. ती दुखण्याच्या कित्येक वर्षं आधीही रक्तात सापडू शकतात. धूम्रपानाने धोका वाढतो. हिरड्यांच्या आजारातल्या एका जिवाणूकडेही असं एन्झाइम असतं, म्हणून दात सांभाळा.

मग सांध्याचं अस्तर सुजतं आणि कोलॅजेनेज व त्याची भावंडं कूर्चा खातात. त्यांना थेट रोखणारी औषधं करून पाहिली. आमवातात ती उपयोगी पडली नाहीत. कर्करोगात दिली तेव्हा उलट काहींचे सांधेच दुखू लागले. म्हणून आपण वरच्या पायरीवर अडवतो. टोफासिटिनिब हे औषध पेशीत सुजेचा निरोप पोचवणाऱ्या जॅक एन्झाइमांना रोखतं. मेथोट्रेक्सेट फॉलिक आम्लाशी संबंधित एन्झाइमांना अडवतं, आणि सुरुवात बहुधा त्यानेच होते.

ही शेवटची गोष्ट मात्र लिहून घ्या. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. घरी गेल्यावर पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहा.