दोन थडगी, सात भावंडं

[दृश्य – संध्याकाळ. स्टोक पोजेस गावचं चर्च. गवतात बुडालेली जुनी थडगी. दूरवर घंटा.]

निवेदन:

लंडनच्या पश्चिमेला स्टोक पोजेस नावाचं छोटं गाव आहे. कवी थॉमस ग्रे याची आई इथे राहायची. 1750 साली इथेच त्यानं एक विलापिका, म्हणजे मृत्यूवरची शोककविता, लिहून पूर्ण केली. पुढच्या वर्षी ती छापली गेली आणि मग तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

कवितेत चर्चची घंटा वाजते आहे. गुरं हंबरत घरी निघाली आहेत, औत सोडून दमलेला शेतकरी पाय ओढत चालला आहे. अंधारात मागे उरलाय एकटा कवी, आणि त्याच्या पायाशी गावातल्या कष्टकऱ्यांच्या कबरी. यांच्यातही एखादा मिल्टनसारखा महाकवी असेल, ग्रे म्हणतो, पण गरिबीनं त्याला तोंड उघडू दिलं नाही. आज पावणेतीनशे वर्षांनंतरही हे वाचताना घसा दाटून येतो.

पण या आवारात जरा रेंगाळा आणि विचारा: ही कबर कुणाची? काय नाव होतं त्याचं? कशानं गेला? 128 ओळींत एकाही गावकऱ्याचं नाव सापडत नाही. शेवटी एका तरुणाच्या थडग्यावरचा लेख येतो, तोही निनावीच.

ही ग्रेची चूक नव्हे. त्या काळी उत्तम कवितेची खूणच ती होती. समीक्षक सॅम्युएल जॉन्सन यानं पुढे या कवितेचं मनापासून कौतुक केलं. का? तर तिच्यातल्या प्रतिमांचं प्रतिबिंब प्रत्येक मनात पडतं, तिच्यातल्या भावनांचा पडसाद प्रत्येक हृदयात उमटतो, म्हणून. ‘प्रत्येक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. याच जॉन्सनच्या 1759 सालच्या ‘रासेलस’ या कथेत एक पात्र सांगतं की कवीनं ट्यूलिपच्या पाकळीवरच्या रेघा मोजत बसू नये. एक फूल पाहायचं ते सगळ्या फुलांसाठी, एक माणूस पाहायचा तो अवघ्या मानवजातीसाठी.

[दृश्य – अठराव्या शतकातली काटेकोर बाग, कापून सारखी केलेली कुंपणं.]

निवेदन:

या आग्रहामागे भीतीही होती. आधीच्या शतकात इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं, 1649 मध्ये तर राजाचाच शिरच्छेद झाला होता. उन्मादानं पोळलेल्या समाजाला संयम हवासा वाटला. होरेस, व्हर्जिल हे जुने रोमन कवी आदर्श ठरले. इंग्रजी कवी अलेक्झांडर पोपनं दोन-दोन यमकबद्ध ओळींत एकेक विचार असा घट्ट बसवला की त्यातला शब्द हलवायची सोय राहिली नाही. यालाच आपण नवअभिजातवाद म्हणतो. मला ही कविता कोरडी वाटत नाही. सभ्य माणसांनी एका खोलीत बसून एकमेकांशी नीट बोलावं, तशी ती आहे. फक्त त्या खोलीत सगळ्यांना प्रवेश नव्हता.

[दृश्य – वाय नदीचं खोरं. वर गुडरिचचा पडका किल्ला. पायवाटेनं कॅमेरा चढतो.]

निवेदन:

साल 1793. तेवीस वर्षांचा एक तरुण एकटाच पायी हिंडतो आहे. विल्यम वर्ड्सवर्थ. फ्रान्समधली क्रांती त्यानं जवळून पाहिली आहे. त्याची प्रेयसी आणि तान्ही मुलगी फ्रान्समध्ये आहेत, आणि याच वर्षी दोन्ही देशांत युद्ध जुंपलं आहे. गुडरिच किल्ल्याच्या आवारात त्याला एक लहान मुलगी भेटते. दोघं काहीतरी बोलतात. तो पुढे निघून जातो.

पाच वर्षांनी, 1798 च्या वसंतात, सॉमरसेटमधल्या अल्फॉक्सडनच्या झाडीत येरझाऱ्या घालताना त्याला तीच मुलगी आठवते. कविता सुचली ती उलटी: सगळ्यात आधी शेवटची ओळ. ‘नाही हो, आम्ही सातच आहोत!’ ती होत आल्यावर तो घरात आला आणि बहीण डोरोथी आणि कवीमित्र कोलरिज यांना म्हणून दाखवली. सुरुवातीचं कडवं तेवढं बाकी होतं, आणि ते झालं की चहा जास्त गोड लागेल असं त्याचं म्हणणं. कोलरिजनं ते तिथल्या तिथे रचून दिलं.

कवितेतली मुलगी आठ वर्षांची आहे. दाट कुरळे केस, अंगावर रानात वाढलेल्या पोरीचे कपडे. भावंडं किती, असं विचारल्यावर ती सांगते, सात. दोन कॉन्वे गावात, दोन दर्यावर, दोन चर्चच्या आवारात मातीखाली, आणि मी. मोठा माणूस हिशेब करतो: दोघं गेले, म्हणजे उरलात पाच.

आता ती काय सांगते ऐका. घराच्या दारापासून बारा-एक पावलांवर त्यांची थडगी आहेत. मी तिथे बसून मोजे विणते, रुमालाची किनार शिवते, त्यांना गाणं म्हणून दाखवते. दिवस मावळला की माझी वाटी घेऊन तिथेच जेवते. आधी जेन गेली, अंथरुणात कण्हत होती. मग मी आणि जॉन तिच्या थडग्याभोवती खेळायचो. बर्फ पडला, घसरगुंडी खेळायचे दिवस आले, आणि जॉनही गेला.

पुन्हा चर्चचं आवार, पुन्हा गावातलं मरण. पण इथे जेन आहे, जॉन आहे. वाटी आहे. अंतरसुद्धा पावलांत मोजलेलं आहे. ट्यूलिपच्या रेघा आता मोजल्या जाऊ लागल्या. आणि हिशेब करणारा तो शहाणा माणूस, त्याच्या तोंडून जुनं शतक बोलतं आहे असं मला नेहमी वाटतं. तो बेरीज-वजाबाकी करत राहतो आणि मुलगी एक पाऊलही मागे हटत नाही.

ही कविता छापू नकोस, कायमचं हसं होईल, असं एका मित्रानं वर्ड्सवर्थला कळकळीनं बजावलं होतं. त्यानं ऐकलं नाही. 1798 मध्ये त्याचं आणि कोलरिजचं ‘लिरिकल बॅलड्स’ हे कवितांचं पुस्तक निघालं: 23 कविता, मुखपृष्ठावर कवींची नावंच नाहीत. 1800 च्या आवृत्तीला त्यानं प्रस्तावना जोडली, आणि उदाहरणाला घेतलं ग्रेचंच, मित्राच्या मृत्यूवरचं एक सुनीत. त्यात सूर्य उगवत नाही, ‘फीबस’, म्हणजे जुन्या पुराणकथांतला सूर्यदेव, ‘आपला सोनेरी अग्नी उचलतो’. असल्या ओळी वर्ड्सवर्थनं बाजूला सारल्या. चौदातल्या पाचच ओळी त्याला मोलाच्या वाटल्या. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मी रडतो, आणि रडणं व्यर्थ आहे म्हणून आणखीच रडतो, अशा अर्थाच्या दोन ओळी त्यांत आहेत. साधं बोलणं. माणसं खरोखर जशी बोलतात, तसं.

पाठ्यपुस्तकं 1798 वर रेघ मारून मोकळी होतात: इथे नवअभिजातवाद संपला, इथे स्वच्छंदतावाद सुरू झाला. पण बर्न्स आणि ब्लेक हे नव्या वळणाचे कवी त्याआधीच लिहीत होते, आणि खेड्यातल्या मातीपर्यंत इंग्रजी कवितेला हात धरून आणलं ते ग्रेनंच. पुढे खुद्द कोलरिजनंही 1817 मध्ये ग्रामीण बोलीबद्दलचं वर्ड्सवर्थचं मत खोडून काढलं.

[दृश्य – गुडरिच किल्ला. रिकामं आवार. वारा.]

निवेदन:

1841 साली वर्ड्सवर्थ गुडरिचला पुन्हा आला. वय 71. ती मुलगी असलीच तर आता छप्पन वर्षांची असणार. जवळच्या वस्तीत तिचा काही माग लागला असता तर त्याला फार बरं वाटलं असतं. पण विचारणार तरी कुणाला आणि काय? जेन आणि जॉन ही नावं कवितेत आली, तिचं नाव मात्र त्याला ठाऊकच नव्हतं.