चोवीस तासांचं घड्याळ

(दृश्य: जमिनीवर पसरलेला मोठा कागद. त्यावर खडूनं काढलेली दोन वर्तुळं.)

ही दोन घड्याळं आहेत, प्रत्येकी चोवीस तासांची. पहिल्यात मुलानं आपला कालचा दिवस भरायचा, दुसऱ्यात बहिणीचा. स्वतःचं घड्याळ झटपट भरतं. दुसऱ्यापाशी हात थबकतो, कारण बहीण किती वाजता उठते हेच कधी पाहिलेलं नसतं. स्त्रियांच्या हक्कांवर तरुणांशी बोलायचं तर सुरुवात अशी करावी. ‘हक्क’ हा शब्द चौथ्या बैठकीपर्यंत आला नाही तरी बिघडत नाही.

गट पंधरा ते वीस जणांचा. आठवड्याला दीड तास, निदान दहा-बारा आठवडे. एका दिवसाच्या फेरीतून आणि सामूहिक शपथेतून फोटो चांगले मिळतात, बाकी फारसं काही नाही. गटात दोन भाषा असतील तर वेळ जवळजवळ दुप्पट धरावा. तो धरला नाही की कात्री चर्चेला लागते आणि उरतं नुसतं भाषण. दुभाष्याला आदल्या दिवशी शब्द समजावून द्यावे लागतात. ‘संमती’चं भाषांतर ‘परवानगी’ झालं, की मुलीला काय हवं हा प्रश्न बाजूला पडतो आणि वडिलांनी हो म्हटलं का, यावर चर्चा रंगते. अशा वेळी शब्द सोडून प्रसंगच सांगावा.

सुरुवातीच्या चार-पाच बैठका मुलींच्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या. पहिल्या दिवसापासून एकत्र बसवलं तर मुलं बोलतात आणि मुली ऐकतात, म्हणजे घरचंच चित्र. तिसऱ्या आठवड्यात मुलींची हजेरी घटली तर ‘त्यांना रस नाही’ असा शेरा मारण्याआधी बैठकीची वेळ तपासा. बहुधा ती स्वयंपाकाची निघते, किंवा परतताना अंधार पडतो.

(दृश्य: खोलीच्या एका भिंतीवर ‘पटतं’, समोरच्या भिंतीवर ‘पटत नाही’.)

वाक्य ऐकायचं आणि पटेल त्या भिंतीपाशी जायचं, हा खेळ बऱ्याच ठिकाणी खेळतात. तो फसतो तोही एकाच तऱ्हेनं: गटातला दांडगा मुलगा जिकडे जातो, तिकडे सगळे जातात. म्हणून आधी चिठ्ठीवर उत्तर लिहून घ्यावं, चिठ्ठ्या मिसळून वाटाव्यात, आणि हातात आलेल्या चिठ्ठीप्रमाणे उभं राहावं. मग दुसऱ्याच्या मताची बाजू मांडायची. मुलं इथे खरी विचारात पडतात.

‘आमच्यात असंच असतं’ हे वाक्य मात्र प्रत्येक संस्कृतीत, प्रत्येक भाषेत येतं. त्यावर वाद घालण्यापेक्षा ‘असंच’ राहण्यामागचा हिशोब शोधावा. सेनेगलमधल्या मालिकुंडा बंबारा गावातल्या बायकांनी 31 जुलै 1997 रोजी मुलींची खतना, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा, थांबवत असल्याचं जाहीर केलं. इमाम देंबा दियावारा यांचं म्हणणं असं, की एका गावानं ठरवून भागत नाही. सोयरीक दुसऱ्या गावांत होते, तिथे खतना न झालेल्या मुलीला कोण करून घेईल? ते गावोगाव पायी फिरले, आणि 1998 मध्ये तेरा गावांनी मिळून दियाबुगूमध्ये तशीच घोषणा केली. तरुणांचे गट बांधतानाही हाच नकाशा हवा, सोयरिकीचा. तालुक्या-जिल्ह्याच्या सीमा इथे कामाच्या नाहीत.

कधी अडसर कायद्यातच असतो. टांझानियाच्या 1971 च्या विवाह कायद्यात मुलाला अठरा वर्षांची अट होती. मुलीचं लग्न मात्र आईवडिलांच्या संमतीनं पंधराव्या वर्षी, न्यायालयाच्या परवानगीनं चौदाव्या वर्षीही लावता येत असे. रेबेका ग्युमी या तरुण कार्यकर्तीनं त्याला आव्हान दिलं. 2016 मध्ये उच्च न्यायालयानं ही कलमं घटनाबाह्य ठरवली. सरकारचं अपील 2019 मध्ये फेटाळलं गेलं. तीन वर्षं. गटातल्या मुलांना हा काळ आधीच सांगावा, नाहीतर पहिल्या तारखेनंतरच उत्साह ओसरतो.

(दृश्य: रिकामी होत असलेली खोली. दाराशी रेंगाळलेली एक मुलगी, पाठमोरी.)

विश्वास बसला, की बैठक संपल्यावर अशी एखादी मागे थांबते. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन इथे द्यायचं नाही. जिवाला धोका असेल तर ते पाळता येत नाही. तिच्या घरी समजूत घालायला जायचं नाही, मार ती खाते. ऐकून घ्यायचं, तिला काय हवंय ते विचारायचं आणि मदत कुठे मिळेल ते सांगायचं. डॉक्टर, वकील, निवारा यांची यादी पहिल्या बैठकीच्या आधी तयार लागते, आणि त्यातला प्रत्येक नंबर एकदा तरी लावून पाहिलेला.