आराखड्यातले झाड

(दृश्य : जुळे सोलापुरातील नवा ले-आउट. आखलेले भूखंड, कच्चा रस्ता आणि जुन्या बांधावरचा कडुनिंब.)

विजापूर रस्ता, होटगी रस्ता, शेळगी, बाळे, जुळे सोलापूर, कोणत्याही दिशेने गेले तरी सोलापूर शहर पूर्वीच्या ज्वारीच्या रानांवरच वाढलेले दिसते. त्या रानांच्या बांधांवर शेतकऱ्यांनी राखलेले कडुनिंब, चिंचा आणि बाभळी, एवढीच काय ती या नव्या वसाहतींना मिळालेली तयार सावली आहे. पर्जन्यछायेतल्या आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या या शहरात तसे झाड पुन्हा उभे राहायला एक पिढी जावी लागते. म्हणूनच घरे बांधताना ते कोणत्या नियमाने वाचते आणि कोठे नियमाच्या हातून निसटते, हे पाहिले पाहिजे.

महापालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड स्वतःच्या मालकीच्या भूखंडावर असले तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून ते तोडता येत नाही. महापालिका आयुक्त हे या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहणी करायची, स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि तीच नोटीस झाडावर सहज दिसेल अशी लावायची, असा कायद्याचा क्रम आहे. झाडावर लावलेला हा कागद फार मोलाचा आहे, कारण त्या सावलीत रोज उभा राहणारा रिक्षावाला किंवा भाजीवाली यांना निर्णय होण्यापूर्वी हरकत घेण्याची संधी त्यानेच मिळते.

२०२१ च्या दुरुस्तीने हा कायदा अधिक कडक झाला. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडावेच लागले, तर त्याचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे आणि ती सात वर्षे जगवण्याचे बंधन आले. म्हणजे वीस वर्षांच्या एका कडुनिंबापोटी वीस रोपे लावावी लागतात आणि सात उन्हाळे त्यांना पाणी घालावे लागते. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, तेथे ही अट पाळणे किती अवघड आहे, हे सोलापूरकरांना सांगायला नको. उभे झाड राखणे त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

(दृश्य : पायासाठी खणलेला चर. मातीतून बाहेर आलेली तुटकी मुळे.)

मात्र बहुतेक झाडे कुऱ्हाडीने मरत नाहीत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया खालच्या मुरुमापर्यंत न्यावा लागतो आणि जेसीबीचा चर खोल जातो. झाडाची अन्नपाणी घेणारी मुळे बहुतांशी वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. चराने ती एका बाजूने कापली जातात, जमीन उंच करण्यासाठी टाकलेल्या मुरुमाखाली ती गुदमरतात आणि शेवटी बुंध्याला भिडवून सिमेंटचा कोबा केला जातो. झाड लगेच वाळत नाही. दोन-तीन वर्षांनी ते वठते आणि मग धोकादायक झाड म्हणून त्याच्यासाठी रीतसर अर्ज येतो. कायद्याच्या दृष्टीने झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच मोडते, पण पाहणीच्या वेळी बुंधे मोजले जातात आणि मुळांकडे कोणी पाहत नाही, असेच चित्र वारंवार दिसते.

ब्रिटनच्या बांधकामविषयक मानकात मुळांच्या संरक्षणासाठी बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येची जागा राखायला सांगितले आहे. हे माप आपल्याकडे लावून पाहावे. दीड फूट जाडीच्या कडुनिंबाला चारही बाजूंना अठरा फूट जागा लागेल, आणि एक गुंठ्याचा चौरस भूखंड असतो जेमतेम तेहतीस फूट लांब-रुंद. एवढ्या जागेत घर आणि झाड दोन्ही राखा, असे आयुष्यभराची पुंजी लावणाऱ्या गिरणी कामगाराच्या किंवा विडी कामगाराच्या कुटुंबाला सांगणे अन्यायाचे आहे. भूखंड विकला गेल्यावर झाडाचा प्रश्न विचारणे म्हणजे तो फार उशिरा विचारणे होय.

(दृश्य : ले-आउटचा नकाशा. मोकळी जागा हिरव्या रंगात.)

तो विचारायची वेळ ले-आउटच्या मंजुरीची आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे भूखंड पाडताना दहा टक्के क्षेत्र मोकळी जागा म्हणून सोडावे लागते. ही जागा पुष्कळदा विकायला अडचणीच्या कोपऱ्यात ढकलली जाते आणि बांधावरची झाडे रस्त्यात किंवा भूखंडांच्या मधोमध सापडतात. आखणी करण्यापूर्वी मोजणीदाराने प्रत्येक मोठे झाड त्याच्या घेरासह नकाशावर घेतले आणि मोकळी जागा त्या झाडांभोवती ठेवली, तर बिल्डरचा एकही चौरस फूट कमी होत नाही. काम सुरू होण्यापूर्वी त्या घेराला पत्र्याचे कुंपण घालणे आणि त्यात मुरूम, खडी किंवा वाळू न टाकणे एवढेच पुढे उरते.

रोपे लावण्याच्या जागेबद्दलही येथे सांगितले पाहिजे. रिकामा माळ दिसला की तेथे भरपाईची झाडे लावावीत, असे अनेकांना वाटते, पण नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारखा गवताळ माळ ओसाड नसतो. काळवीट आणि लांडगा यांना तो मोकळाच हवा असतो. शहरात तोडलेल्या झाडाची भरपाई त्याच वसाहतीत झाली पाहिजे.

हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतींत, जेथे एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉटची विक्री आज जोरात आहे, तेथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा चालतो. तो अनुसूचीत दिलेल्या झाडांनाच संरक्षण देतो. त्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ आणि चंदन आहेत, परंतु सोलापूरच्या बांधाबांधांवर उभा असलेला कडुनिंब नाही. तेथील ले-आउट मंजूर करताना उभ्या झाडांचा नकाशा जोडण्याची अट घालण्यात आली, तर ती झाडे शहराच्या हद्दीत येईपर्यंत टिकतील.