चाबूकस्वार ड्यूक

वर पाहा. छपराच्या या लाकडी कैच्या, आणि खाली हे लांबलचक रिंगण. एका बाजूला तबेला, दुसऱ्या बाजूला नालबंदाची भट्टी. इंग्लंडच्या डर्बीशरमधला हा बोल्सोवर किल्ला. घोड्यांना शिकवण्यासाठी एवढी इमारत उठवणारा माणूस म्हणजे विल्यम कॅव्हेंडिश. सरदारकीच्या पायऱ्या चढत न्यूकॅसलचा अर्ल, मग मार्क्विस, शेवटी ड्यूक.

समोरचा लिटल कॅसल वडिलांनी बांधायला घेतला. १६१७ मध्ये ते वारले. छतावरची ही रंगीत देवमंडळी मुलाच्या हौसेची. १६३४ मध्ये राजा पहिला चार्ल्स राणीसह इथे पाहुणा आला, तेव्हा नाटककार बेन जॉन्सनकडून खास नाट्य लिहून घेतलं होतं. उधळपट्टी होतीच.

आता हा घोडा बघा. सगळा भार मागच्या पायांवर घेऊन पुढचे पाय उचलतोय, आणि क्षणभर तसाच तोलून राहतोय. कॅव्हेंडिशची रीत अशी: नाकावर पट्टा, पट्ट्याच्या कडीतून ओवलेला जादा लगाम, त्याचं एक टोक खोगिराला, दुसरं स्वाराच्या मुठीत. मूठ जराशी आत घेतली की मान वळते, मानेमागून खांदा. तोंडातल्या लोखंडाचा हिसका बसत नाही. मग लहान लहान फेरे, आधी एका अंगाने, नंतर दुसऱ्या.

घोडा विचार करतो, हे त्याचं ठाम मत. जनावरं विचार करत नाहीत म्हणणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४६ मध्ये त्याला याच विषयावर पत्र लिहिलं होतं. घोड्याच्या बाबतीत आम्ही तत्त्वज्ञापेक्षा चाबूकस्वाराचं ऐकू. लाड मात्र नाहीत. धनी कोण हे घोड्याला आधी कळलं पाहिजे, असंही तो बजावतो.

१६४२ मध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी पेटली, उत्तरेतली राजाची फौज त्याच्याकडे आली. १६४३ मध्ये ॲडवॉल्टन मूरवर त्याने संसदेचे सेनापती फेअरफॅक्स बापलेकांना हरवलं. २ जुलै १६४४, मार्स्टन मूरची लढाई: बिनरंगी लोकरीचे डगले घातलेलं त्याचं पायदळ जवळजवळ सगळं कापलं गेलं, आणि तो स्कारबरो बंदरातून परदेशी निघून गेला.

आजच्या बेल्जियममधलं अँटवर्प. चित्रकार रूबेन्सचा हा वाडा त्याने भाड्याने घेतला. इंग्लंडमधल्या जमिनी जप्त, संसार उधारीवर, तरी पागेत उमदे घोडे. पत्नी मार्गारेट लिहीत बसायची, हा घोडे फिरवायचा. १६५८ मध्ये इथेच त्याचा अश्वशिक्षणावरचा फ्रेंच ग्रंथ छापला गेला. त्यातलं हे चित्र: स्वतः पंखांच्या घोड्यावर आकाशात, खाली घोडे गुडघे टेकून. विनय हा काही त्याचा गुण नव्हे.

१६६० मध्ये राजेशाही परतली, तोही परतला. १६६५ मध्ये ड्यूक झाला. ऐंशी ओलांडल्यावर त्याने नॉटिंगहॅमचा पडका किल्ला घेतला आणि तिथे महाल बांधायला काढला. दर्शनी भिंतीवर त्याचा पुतळा, अर्थात घोड्यावर. १६७६ च्या नाताळात तो वारला. महाल मुलाने पुरा केला.