मागाच्या खड्ड्यातलं टेबल

(शहापूर, बेळगाव. अरुंद गल्ली, सकाळची वेळ. कॅमेरा जमिनीलगत.)

या घराची रस्त्याकडची खिडकी बघा. जमिनीपासून जेमतेम फूटभर वर. आत उभं राहिलं तर तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला दिसतात, तोंडं दिसत नाहीत. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, बांधणाऱ्याचं माप चुकलं होतं काय?

माप बरोबर होतं. या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, खड्डामाग होता. विणकर जमिनीच्या पातळीवर बसायचा, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे माग चालवायच्या पायपट्ट्यांवर. कापड त्याच्या मांडीशी. उजेड हवा होता तो तिथं, आणि म्हणून खिडकी तिथं.

शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. इथली लुगडी नावाजलेली. पुढं यंत्रमाग आले, हातमाग मोडीत निघाले. नंतर कितीतरी घरांतून यंत्रमागही गेले. घरं मात्र मागाच्या मापाचीच राहिली. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परसू. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. उजेड पुढून आणि मागून, मधल्या माजघरात दुपारी बारालाही दिवा.

(आतलं दृश्य. भिंतीवर ओलीचे डाग.)

दुरुस्ती काढायची म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. पाडा आणि स्लॅब घाला, हा पहिला. तो परवडत नव्हता. दुसरा सल्ला सगळीकडं मिळतो तो: पीओपीचं फॉल्स सीलिंग, चकचकीत फरशी, टीव्हीमागं पॅनेल. हा सल्ला मी स्वतः माझ्या घरात ऐकला होता. कौलांखाली पांढरंशुभ्र सीलिंग मारून घेतलं, आत रंगीत दिवे बसवले. मृग लागला, वर एक कौल सरकलं होतं, पाणी सीलिंगवर साठत गेलं आणि पंधरा दिवसांनी कळलं. तोवर उंदरांनीही वर बिऱ्हाड केलं होतं. काम करणाऱ्याचं नाव सांगत नाही. हौस माझीच होती.

म्हणून या घरात कामाला सुरुवात छपरापासून झाली. शाकारणी नीट झाली. फुटकी कौलं काढली, कुजलेल्या रीपा बदलल्या, वाळवी लागलेला एक वासा उतरवला. उरलेल्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल. खानापूर-चंदगडकडं काजू पिकतो, त्यामुळं हे तेल इकडच्या सुतारांना नवं नाही. काळंकुट्ट, चिकट, अंगाला लागलं तर कातडी सोलून काढणारं. हातमोजे घातल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. पण वाळवी त्याच्या वाटेला जात नाही.

माजघरावर उत्तरेकडच्या पाखीत दोन काचेची कौलं बसवली. उत्तरेकडं अशासाठी, की थेट ऊन त्यातल्या त्यात कमी यावं. खाली माळा आड येत होता, त्याच्या चार फळ्या काढल्या. एवढंच. त्या दिवशी या घरातल्या काकींनी सवयीनं दिव्याचं बटण दाबलं, वर बघितलं आणि परत बंद केलं.

(भिंतीचा जवळून शॉट. गवंडी गिलावा ठोकतोय.)

भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन फूट जाड. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी ओल झाकायला खालच्या तीन फुटांवर सिमेंटचा गिलावा मारला होता. ओल झाकली जात नाही, ती वाट शोधते. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि पृष्ठभागावरून सुकून जातं, तो पृष्ठभाग सिमेंटनं बंद केला की पाणी आणखी वर चढतं. इथं ते कमरेवरून खांद्यापर्यंत आलं होतं. सिमेंट ठोकून काढलं, होळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत भिंत उघडीच ठेवली आणि मग चुन्याचा गिलावा केला: एक भाग चुना, तीन भाग वाळू. वर प्लास्टिक पेंट नाही, चुन्याचीच सफेदी. हात फिरवला तर जरा पांढरं लागतं. काकींची त्याबद्दल तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

स्वयंपाकघराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओटा काकींच्या उंचीनं केला, दुकानातल्या मापानं नाही. सिंकखालच्या कपाटाला ७१० शिक्क्याचं, पाण्यात टिकणारं प्लायवूड, बाकीकडं साधं ३०३. दुकानदार दोन्हींना 'वॉटरप्रूफ' म्हणतो, शिक्का आपण बघायचा.

(सोपा. मेस्त्री आणि काकी.)

खरा वाद सोप्यात. माग विकला तेव्हा खड्डा बुजवला होता, त्यावर फरशी. ती एका जागी खचली होती. मेस्त्री खानापूरचे. म्हणाले, "काकी, काँक्रीट घालून बंद करूया की. खिडकीबी बुजवू. हे असं ठेवूनशान काय करतासा?"

काकी म्हणाल्या, "खिडकी ऱ्हाऊ दे. सासरे तिथं बसत होते. पोरगी बसंल."

पोरगी म्हणजे नात, नववीतली. तिला अभ्यासाला जागा नव्हती.

खड्डा उकरायचा ठरला तेव्हा आम्ही कॅमेरा रोखून बसलो होतो. एखादा विणायचा धोटा निघेल, सुताच्या कांड्या निघतील, असं मनात होतं. निघाले विटांचे तुकडे, राख आणि प्लास्टिकच्या दोन चपला. दोन्ही डाव्या पायाच्या.

खड्डा अडीच फूट खोल. मेस्त्रींनी एक गोष्ट आधीच बजावली: आहे त्यापेक्षा इंचभरही भिंतीकडं सरकायचं नाही, जुन्या भिंतींचा पाया उथळ असतो. आता अडचण अशी की खड्ड्यातली ओल ही विणकराची सोय होती. दमट हवेत सूत तुटत नाही. सुताला जे मानवतं ते वह्या-पुस्तकांना मानवत नाही. तळाला खडी, त्यावर जाड प्लास्टिक, वर चार इंच काँक्रीट, कडेनं विटा. बसायच्या काठाला शहाबादी फरशी, घासून गोल केलेली, मांडीला टोचू नये म्हणून. आणि खड्ड्यातून बाहेर, खिडकीच्या खाली, हवेला एक पाईप, तोंडाला जाळी.

टेबल म्हणजे जमिनीपासून वितभर वर एक फळी, उतरवलेल्या वाशातून कापलेली. वाळवीचा भाग गेला, मधला गाभा सागवानी, ठणठणीत. पोरगी काठावर बसते, पाय खाली सोडते, फळी मांडीवर येते. खिडकीचा उजेड वहीवर, डाव्या हाताकडून. मेस्त्री पहिल्यांदा तिथं बसून बघायला नको म्हणत होते. बसले, आणि चहा तिथंच मागवला.

(पाच फळ्या भिंतीला टेकवलेल्या.)

या फळ्या खड्ड्यावरचं झाकण. घरात लहान मूल आलं की टाकायच्या, आणि गणपतीत. गणपती वर्षानुवर्षं सोप्यातच, याच जागी बसतो, तो काही हलणार नव्हता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोरीनं कुरकुरत दप्तर माजघरात नेलं, फळ्या पडल्या, वर पाट, मखर.

संध्याकाळी आरतीला आम्ही बाहेर गल्लीत उभे होतो. मोठी माणसं दारातून आत वाकत होती. गल्लीतली तीन-चार बारकी पोरं मात्र खिडकीशी उकिडवी बसली होती, गजांना नाक लावून. गणपती बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होता.