‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ कम्युनिस्ट सिनेमा आहे का? आधी पैशाचा हिशोब बघा

नमस्कार मंडळी. डिसेंबर लागला की कॉमेंटमध्ये हाच प्रश्न: “हा छुपा डावा सिनेमा आहे ना?” चला, एकदाचं बोलून टाकू.

जुजबी माहिती झटपट. १९४६ चा सिनेमा, दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा. जेम्स स्ट्युअर्ट म्हणजे गावात घरासाठी कर्ज देणारी छोटी संस्था चालवणारा जॉर्ज बेली, लायोनेल बॅरीमोर म्हणजे सावकार पॉटर. नाताळच्या आदल्या रात्री जॉर्ज जीव द्यायला पुलावर जातो, देवदूत येऊन त्याला वाचवतो.

एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, या सिनेमावर संशय घेतला होता, ही गोष्ट खरी आहे. १९४७ च्या त्यांच्या कागदपत्रांत हा सिनेमा येतो. आक्षेप असा की बँकवाल्याला खलनायक करून बदनाम केलंय. पण लोक तो कागद पुरावा म्हणून नाचवतात, तिथे माझं डोकं फिरतं. खलनायकाचा धंदा बघायचा आणि शिक्का मारायचा, याला अर्थ लावणं म्हणत नाहीत. अहो, जॉर्जही कर्जच देतो की!

म्हणून एकच काम करा. पैसा कुणाकडून निघतो आणि कुणाकडे पोचतो, ते बघा.

[क्लिप: पाऊस, टॅक्सी, दारात गर्दी]

लोक ठेवी काढायला धावलेत. जॉर्ज सांगतो, पैसा तिजोरीत नाही, तो शेजाऱ्याच्या घरात गुंतलाय. त्याची संस्था म्हणजे आपल्याकडच्या पतसंस्थेसारखी: सभासदांचा पैसा, सभासदांनाच घरासाठी कर्ज. पॉटर लोकांच्या ठेवी डॉलरमागे ५० सेंट देऊन विकत घ्यायला तयार आहे. जॉर्ज हनिमूनचे २,००० डॉलर काढून वाटतो, संध्याकाळी २ डॉलर उरतात. यात मालमत्ता सरकारजमा झाली कुठे? उलट मार्टिनी नावाचा भाडेकरू पॉटरच्या भाड्याच्या खोल्यांतून निघून स्वतःच्या घरात जातो, बकरीसकट! भाडेकरूचा घरमालक झाला. हा कसला साम्यवाद?

आता तेच पॉटरच्या बाजूने बघा. त्याला गावातली प्रत्येक संस्था आपल्या खिशात हवी आहे, आणि युद्धात सैन्यभरतीच्या मंडळाचा प्रमुखही तोच होतो. म्हणजे राग श्रीमंतीवर नाही, मक्तेदारीवर आहे. त्याच्या ऑफिसातली खुर्ची बघा: जॉर्ज तिच्यात खाली रुततो, पॉटर वरून बघतो. सिगार देतो, वर्षाला २०,००० डॉलरची नोकरी देऊ करतो. जॉर्जला तेव्हा आठवड्याला ४५ मिळतात. त्या एका सीनमध्ये, वाटेल ती किंमत देऊन माणूस विकत घ्यायचा पॉटरचा धंदा कळतो.

तिसऱ्यांदा तेच सांगतोय, कारण कॉमेंटमध्ये पुन्हा विचारणार आहात. शेवट बघा. संस्थेचे ८,००० डॉलर गहाळ आहेत. मदतीला सरकार येतं का? सरकार तर वॉरंट घेऊन येतं! पैसे देतात शेजारी, आणि सॅम वेनराइट हा कारखानदार तारेने कळवतो की २५,००० डॉलरपर्यंत उचल देतो. धनिक मित्राच्या तारेवर संपणारा सिनेमा क्रांतीचा प्रचार कसा ठरेल?

आता दुसरी टोळी खूश झाली असेल, “म्हणजे हा भांडवलशाहीचा सिनेमा!” थांबा. ते ८,००० आठवतात? जॉर्जच्या संस्थेत काम करणारा त्याचा बिलीकाका पॉटरला डिवचायला वर्तमानपत्र पुढे करतो आणि पैशाचं पाकीट त्याच घडीत राहतं. पॉटरला ते सापडतं, तो गप्प बसतो. आणि शेवटपर्यंत त्याला कसलीही शिक्षा नाही. त्या काळी हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमांना गुन्हेगाराला शिक्षा झालेली हवी असे, तरी हा सुटतो. डाव्या वाचनाला बळ द्यायचंच असेल तर इथून द्या: लुटलेला पैसा वर राहतो, भरपाई गरिबांच्या खिशातून होते. हा मुद्दा एफबीआयच्या आक्षेपापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

आणि “कॅप्रा डावा होता” असं लिहिणाऱ्यांनो, तो रिपब्लिकन होता. स्ट्युअर्टसुद्धा. त्यावरूनही सिनेमाचा अर्थ ठरत नाहीच, पण निदान चुकीचं तरी टाइप करू नका.

भांडायला येण्याआधी शेवटचा सीन आवाज बंद करून बघा. संस्थेचे हिशोब तपासायला आलेला सरकारी तपासनीस टेबलावर पैसे टाकतो, शेरीफ वॉरंट फाडतो. सरकारी माणसं शेजारी म्हणून वागतात तो तेवढाच क्षण. तो डावा की उजवा, ते कारणासकट लिहा.